बारा महिन्यांची अट

प्रिय बाबा,

पत्र हातात पडलं की तुम्ही आधी शेवटचं पान उलटून सही बघणार, मग तारीख, आणि मग सावकाश पहिल्या ओळीवर येणार. तेव्हा आधीच सांगते, पत्र माझं आहे, लांबलचक आहे आणि यात खुशाली फारशी नाही. रविवारी आले होते तेव्हा हे तोंडानं सांगता आलं असतं. तुम्ही खिडकीजवळच्या खुर्चीत होतात, मदतनीस बाई तुमची नखं कापत होत्या, आणि मी समोर बसून तासभर हवापाण्याच्या गप्पा मारून निघून गेले. बोलले असते तर तुम्हाला उत्तर देता आलं नसतं आणि ते मला बघवलं नसतं, असं जिना उतरताना मी स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मला बघवलं असतं. मदतनीस बाईंसमोर नको वाटलं, एवढंच.

तुम्हाला झटका येऊन चौदा महिने झाले. उजवा हात गेला, बोलणं गेलं, बाकी डोकं लख्ख आहे असं डॉक्टर म्हणतात, आणि पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचून होतो असं मदतनीस बाई म्हणतात. शब्द आत तयार असतात, ओठांपर्यंत पोचत नाहीत. इस्पितळात सहा आठवडे एक मुलगी येऊन तुमच्याकडून आ, ई, ऊ म्हणवून घ्यायची. घरी सोडलं तसं तेही संपलं. घरी येऊन बोलणं शिकवणारं माणूस मी शोधलं बाबा, खरंच शोधलं. या शहरात तसं कुणी उरलेलं नाही. ती सेवा अठ्ठावीस वर्षांपूर्वी बंद पडली आणि ते काम करणारी माणसं दुसऱ्या उद्योगाला लागली. ती कुणामुळे बंद पडली हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे, आणि आता तुम्हाला त्यावर वादही घालता येत नाही. कपाळाला आठी पडली असेल तर पडू दे.

कचेरीची बातमी अशी, की तेच काम पुन्हा माझ्या टेबलावर आलं आहे. आपण नेमकं काय करतो हे मी नव्या लोकांना अजून तुमच्याच शब्दांत समजावते. खात्याला निर्णय घ्यायचा असतो आणि दोन वर्षं थांबायची तयारी नसते. म्हणून जगभर झालेले अभ्यास सहा आठवड्यांत चाळून आपण सांगायचं, अमुक गोष्टीचा उपयोग होतो की नाही. जलद आढावा. सहा आठवड्यांत चाळायचं तर प्रश्न आधी आवळून घ्यावा लागतो, नाहीतर अभ्यासांच्या ढिगाखाली आपणच गाडले जातो. कोणासाठी, काय केलं, कशाशी तुलना केली, आणि फरक कशावरून मोजला. चार चौकटी. पाचवी काढायची नाही.

मला त्या चौकटी नोकरीत नाही, जेवणाच्या टेबलावर मिळाल्या. मी नऊ वर्षांची होते आणि मला मांजर हवं होतं. तुम्ही हसून म्हणालात, प्रश्न नीट विचार. कोणतं मांजर, मांजर नसण्यापेक्षा काय वेगळं होईल, आणि ते आपण मोजणार कसं. मी आठवडाभर वहीत लिहीत बसले. शेवटी मी म्हटलं, मांजर आणलं तर मी शाळेतून आल्यावर कमी रडेन. तुम्ही विचारलंत, सध्या किती रडतेस? मला आकडा सांगता आला नाही आणि मांजर आलं नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, पोरीला मांजर द्या, परीक्षा कसली घेताय. तुम्ही दोघंही हसलात. तुमच्यासारखा बाप कुणाला नाही, असं मी तेव्हा मैत्रिणींना सांगत फिरायचे. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, मला खरंच तसं वाटायचं.

मग आईला झटका आला. मी चोविशीत होते, तुमच्याच कचेरीत टंकलेखक म्हणून नुकती चिकटले होते. आईची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तेव्हा सेवा चालू होती. आठवड्यातून दोनदा चालण्याच्या बाई यायच्या आणि दोनदा बोलण्याच्या बाई. चालण्याच्या बाई कडक होत्या, त्यांच्यासमोर आई डोळे मिटून घ्यायची. बोलण्याच्या बाई आल्या की मात्र ती केस विंचरून तयार असायची. आठ महिन्यांत आईचे बावीस शब्द परत आले. मी ते कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवत होते. पहिला शब्द ‘नको’ होता, ती तुमच्याकडे बघून म्हणाली आणि आपण तिघंही वेड्यासारखे हसलो. बाविसावा ‘उघड’. ती खिडकीकडे हात करून म्हणाली, आणि तुम्ही धावत जाऊन खिडकी उघडलीत. तुमची ती धाव मला आठवते, म्हणून पुढचं अजून पचत नाही.

त्याच महिन्यात खात्यानं विचारलं, झटका आलेल्यांच्या घरी जाऊन केलेल्या उपचारांचा उपयोग होतो का. मुदत सहा आठवडे. तुम्ही कच्चा आराखडा घरी आणलात. मोजायच्या गोष्टींच्या चौकटीत चार ओळी होत्या: आधाराशिवाय दहा पावलं चालणं, पुन्हा इस्पितळात भरती व्हावं लागणं, स्वतःच्या हातानं जेवणं, आणि बोलणं. त्याच टेबलावर बसून तुम्ही चौथी ओळ खोडलीत. आई पलीकडच्या खुर्चीत होती. मी कारण विचारलं तर तुम्ही दोन कारणं दिलीत. एक, बोलणं प्रत्येक अभ्यासात वेगळ्या पट्टीनं मोजलेलं असतं, सहा आठवड्यांत ते जुळवता येणार नाही. दुसरं तुम्ही आवाज खाली आणून सांगितलंत. आपल्याच घरात ही सेवा येते. उद्या कुणी म्हणायला नको की बायकोसाठी प्रश्न वाकवला.

मी ते टाइप केलं. चौथी ओळ वगळून, स्वच्छ, तीन प्रतींत. यात माझा हात नव्हता असं मी कधी म्हटलेलं नाही. पण मी चोवीस वर्षांची होते आणि तुम्ही तिचे पती होतात. तुम्हाला बाजूला होता आलं असतं, बाबा. माझ्या घरात रुग्ण आहे, हा प्रश्न दुसऱ्या कुणाला ठरवू द्या, असं एक वाक्य समितीला सांगायचं होतं. ते सांगितलं असतं तर काम हातातून गेलं असतं. तुम्हाला काम सोडायचं नव्हतं आणि कुणाला बोटही दाखवू द्यायचं नव्हतं, म्हणून तुम्ही नामानिराळे राहण्यासाठी आईला बाहेर काढलंत.

पुढचं तुम्ही मला धडा म्हणून शिकवलंत आणि मी तो आता इतरांना शिकवते, फक्त घरचं उदाहरण न सांगता. अहवालाच्या चाळिसाव्या पानावर वाक्य होतं, ‘बोलण्यावरील परिणाम या आढाव्यात तपासलेला नाही.’ दोन पानी सारांशात त्याचं झालं, ‘बोलण्यावरील परिणामाचा पुरावा या आढाव्यात नाही.’ खात्याच्या परिपत्रकात उरलं, ‘बोलण्याच्या उपचारांना पुरावा नाही.’ विचारलंच नव्हतं, आणि लोकांनी वाचलं की उत्तर नकारार्थी आलं. तुम्ही ते परिपत्रक वाचलंत, चष्मा काढून पुसलात आणि परत घातलात. एक पत्र लिहून ते वाक्य दुरुस्त करता आलं असतं. तुम्ही म्हणालात, आपलं काम पुरावा देण्याचं, परिपत्रक तपासण्याचं नाही.

बोलण्याच्या बाई शेवटच्या दिवशी आल्या तेव्हा दारात थांबून तुम्हाला म्हणाल्या होत्या, मी रविवारी माझी माझी येत जाईन, एक तास, मला काही नको. मी चपलांच्या कपाटाशी उभी होते. तुम्ही फार गोड आवाजात नाही म्हणालात. जे लोकांना बंद झालं ते आमच्याच घरी चालू राहिलं तर बरं दिसत नाही. त्या बाईंचं तोंड एवढंसं झालं. आत आई केस विंचरून बसली होती.

चालण्याच्या बाई येत राहिल्या. आई दहा पावलं चालायला लागली, तुमचा पुरावा अगदी बरोबर निघाला. बावीस शब्दांचे वर्षभरात नऊ झाले, मग चार, मग ती बोलेनाशीच झाली. अकरा वर्षं, बाबा. ती या खोलीतून त्या खोलीत चालत जायची आणि तिथे जाऊन नुसती उभी राहायची, कारण कशाला आलो हे तिला सांगता यायचं नाही. आपण अंदाज करायचो. पाणी हवंय? खिडकी? शाल? चुकलं की ती मान हलवायची, मग मान हलवायचाही कंटाळा करायला लागली. शेवटच्या आजारात तिला कुठे दुखतंय ते आपल्याला तीन दिवस कळलं नाही. दिवसकार्याला तुमच्या कचेरीतले साहेब आले होते आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, तुझे वडील म्हणजे सचोटी, घरात एवढं दुखणं असून माणसानं प्रश्नाला धक्का लागू दिला नाही. तुम्ही पलीकडे मान खाली घालून ऐकत होतात. तुम्हाला ते ऐकून बरं वाटलं, मी पाहिलं. त्या क्षणापासून मी तुमचा तिरस्कार करते. दर रविवारी फळं घेऊन येते ती त्या तिरस्कारासकट येते, आणि इतकी वर्षं तुम्हाला त्याचा पत्ता लागला नाही याची मला गंमत वाटते.

आता बोलण्याची ती सेवा पुन्हा सुरू करावी का, असा प्रश्न खात्याकडून आला. नवे अधिकारी तरुण आहेत, त्यांना जुनं काही माहीत नाही. तुमच्या वेळी नसलेला एक नियम आता आहे. प्रश्न पक्का करण्याआधी ज्यांच्यासाठी सेवा आहे त्यांची मतं पेपरात जाहिरात देऊन मागवायची, निनावी. बासष्ट फॉर्म आले. एका शिंप्याच्या बायकोनं लिहिलं होतं की दोन वर्षं झाली, नवऱ्याला फक्त ‘नाही’ म्हणता येतं, त्यामुळे भूक लागली असली तरी ताट पुढे केलं की तो ‘नाही’ म्हणतो आणि मग रडतो. त्याच्याखालचा फॉर्म डाव्या हातानं लिहिलेला होता, अक्षरं पडत झडत निघालेली. ‘१. वर्ष उलटून गेलेल्यांनाही धरा. शब्द आत आहेत.’ दोन नंबर नव्हताच. एकच मुद्दा असला तरी त्याला क्रमांक घालणारा माणूस मला एकच माहीत आहे.

त्या ओळीला तुम्हाला किती वेळ लागला असेल हे माझ्या लक्षात आलं आणि मला रडू फुटलं. दार लावून घेऊन रडले. मग राग आला. मी दर रविवारी समोर बसते, तुमच्या मांडीवर पाटी असते, तिच्यावर तुम्ही ‘चहा’ लिहिता, ‘पंखा’ लिहिता. मुलीकडे मागायचा कमीपणा वाटला, म्हणून निनावी फॉर्म भरलात. आणि मागताना सगळ्यांच्या वतीनं मागितल्यासारखं मागितलंत. बोलण्याचं महत्त्व तुम्हाला आता पटलं. आईच्या वेळी ती तुमच्यापासून चार हातांवर बसली होती, तेव्हा पटलं नव्हतं.

काल बैठक झाली. आमच्या ग्रंथपाल बाई कामाला वाघ आहेत, त्यांनी दोन दिवसांत चाळणी लावून सांगितलं की वर्ष उलटून गेलेल्या रुग्णांवर नऊ चांगले अभ्यास आहेत. सात अभ्यासांत फरक पडलेला दिसतो. ते धरले तर चार दिवस जास्त लागतील, आणि आपल्या हातात सहा दिवस मोकळे आहेत. आकडेमोड बघणारा मुलगाही म्हणाला, धरूया मॅडम, चार दिवसांत होतं. मी आधी हितसंबंधांचं पत्रक भरून दिलं, माझे वडील चौदा महिन्यांपासून असे आहेत म्हणून. तुम्ही केलं नाहीत ते मी केलं, बाजूला व्हायचीही तयारी दाखवली. अध्यक्ष म्हणाले, छे, तुम्ही एवढ्या सरळ आहात, तुम्हीच ठरवा. त्या पत्रकात विचारतात, या कामातून तुमचा किंवा तुमच्या माणसाचा फायदा होणार आहे का. कुणाचं वाईट व्हावं अशी तुमची इच्छा आहे का, हे विचारत नाहीत. तसा रकाना कुणाला सुचलेलाच नाही.

मी पहिल्या चौकटीत लिहिलं, ‘झटका येऊन बारा महिने पूर्ण न झालेले रुग्ण.’ आई आज असती तर तिचे आठ महिने त्यात बसले असते. तुमचे चौदा बसत नाहीत. ग्रंथपाल बाईंनी ते नऊ कागद गोळा करून फाइलमध्ये ठेवले. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाले, बघा, स्वतःच्या वडिलांसाठीसुद्धा अट सैल केली नाही. आईच्या दिवसकार्याला तुमचं झालं होतं तसंच कौतुक. मला त्याची शिसारी आली, आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं.

हे सगळं लिहायचं कारण आता सांगते. आराखडा सोमवारी सकाळी दहाला जाहीर होईल. तुम्ही तो मदतनीस बाईंकडून मागवून घेणार आणि शेवटच्या पानावरचं वाक्य वाचणार, ‘वेळेच्या मर्यादेमुळे बारा महिन्यांपुढील रुग्ण वगळले आहेत.’ तुम्हाला वाईट वाटेल, पण मागोमाग अभिमान वाटेल, की पोरगी माझ्यावर गेली, घरचं माणूस बघून वाकली नाही. तेवढं समाधान मला तुम्हाला मिळू द्यायचं नव्हतं. वेळ होता. मी तुमचं अक्षर ओळखलं आणि मग अट घातली. आमच्या यादीत वर्ष उलटलेली सहाशे चाळीस माणसं आहेत, ती सगळी तुमच्यासोबत बाहेर गेली. त्या शिंप्याशी माझं काही वाकडं नव्हतं. ही गोष्ट समितीला कळवायची तर त्यांना हे पत्र पुरेसं आहे, खाली माझी सही आहे. ते पोचलं तर अट सोमवारी दहाच्या आत निघेल, माझी नोकरी जाईल, आणि सहा महिन्यांत तुमच्या दारात बोलण्याच्या बाई उभ्या राहतील. फक्त त्यासाठी समितीला सगळी पानं द्यावी लागतील, आईची ओळ तुम्ही का खोडलीत त्या पानासकट. पत्ता तुम्हाला पाठ आहे आणि मदतनीस बाई शनिवारी दुपारी कचेरीवरूनच जातात. तुम्ही पाठवणार नाही असं मला वाटतं, आणि मीही अट काढणार नाही.

तुमचीच,
बबी